पहिल्या पावसाआधी उठा

समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही, असं म्हणतात. मुंबईकरांनो, पावसाळ्यातल्या उधाणानंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभे राहा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, चपला. आपणच टाकलेलं लाटा आपल्याच रस्त्यावर आणून ओततात. आपण फोटो काढतो आणि घरी जातो.

वर्सोव्यातली दोन माणसं ऑक्टोबर 2015मध्ये तशी घरी गेली नाहीत. अफरोज शाह हा तरुण वकील किनाऱ्यालगत राहायला आला होता. खाली पाहावं तर वाळूऐवजी प्लास्टिकचा थर, काही ठिकाणी गुडघ्याच्याही वर. शेजारच्या 84 वर्षांच्या हरबंश माथूर यांना सोबत घेऊन तो वाळूत उतरला आणि हातांनी कचरा उपसू लागला. मंडप नाही, भाषण नाही. हळूहळू कोळी बांधव आले, शाळेची मुलं आली, इमारतींतली माणसं आली. अडीच किलोमीटरची वाळू उघडी पडली. मार्च 2018मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली! कित्येक वर्षांत तिथं असं कुणी पाहिलं नव्हतं.

तरीही दर भरतीला कचरा परत येतो. मालाडची खाडी तिथंच समुद्राला मिळते आणि तिच्यात आपले नाले. या कचऱ्याचा पहिला मार कोळ्यांना बसतो. डोल हे पिशवीसारखं जाळं. प्रवाहाच्या तोंडाशी ते बांधून ठेवतात, पाणी आणेल ते त्यात शिरतं. बोंबील, जवळा यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशव्याही. त्या एकेक वेचायच्या, फाटलेलं जाळं शिवायचं, आणि या श्रमाचा एक पैसा कुणी देत नाही.

केरळात कोल्लमच्या मच्छीमारांनी 2017पासून याच कचऱ्याला वाट काढून दिली. जाळ्यात आलेलं प्लास्टिक पुन्हा पाण्यात न फेकता ते नींडकराच्या बंदरावर आणू लागले. तिथं बाया ते निवडतात, धुतात. यंत्रात त्याचा चुरा होतो आणि तो डांबरात मिसळून रस्ते बांधले जातात. सरकारनं यंत्र दिलं, पण कचरा किनाऱ्याला आणणारे हात मच्छीमारांचे. आपल्या बंदरांवर हे का होऊ नये? आपल्या आमदाराला विचारा, नगरसेवकाला विचारा, पुन्हा पुन्हा विचारा.

आणि घरात पाहा. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव येतो, म्हणून कचरावेचक ती उचलतात. शॅम्पूची पुडी, वेफर्सचं पाकीट कुणी उचलत नाही. वेगवेगळे थर चिकटवून केलेलं ते वेष्टन विकलंच जात नाही. नाल्यात वाहतं ते हेच. अशी वेष्टनं गोळा करण्याची जबाबदारी 2016च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तिचा जाब आपण मागितला पाहिजे, मोठ्या आवाजात.

पण नाल्यातलं प्लास्टिक उत्पादकांच्या उत्तराची वाट पाहणार नाही. जूनच्या पहिल्या सरीला ते सगळं समुद्रात असेल. मे महिन्यातले रविवार आपल्या हातात आहेत. हातमोजे, दोन गोणी, एक फावडं घेऊन जवळच्या नाल्यावर जा. उपसलेला गाळ काठावर ठेवू नका, तो पावसाबरोबर परत आत जातो. कचऱ्याची गाडी बोलवा आणि ती भरून जाईपर्यंत तिथंच थांबा. सकाळी सातला निघा, आणि निघताना शेजाऱ्याची बेल वाजवा.