वजाबाकीने फुटणारे गुपित

नावे खोडली की माहिती गुप्त झाली, ही आपल्या कार्यालयांची भाबडी समजूत आहे. समजा, एका विभागातल्या दहा जणांचा सरासरी पगार ५० हजार असल्याचे जाहीर झाले. महिनाअखेरीस एक जण निवृत्त झाला आणि उरलेल्या नऊ जणांची सरासरी ४५ हजारांवर आली. निवृत्त झालेल्याचा पगार ९५ हजार होता, हे काढायला हॅकर कशाला हवा? शाळेतली वजाबाकी पुरते.

अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१० च्या आपल्याच प्रसिद्ध तक्त्यांवर असा प्रयोग केला, तेव्हा असंख्य व्यक्तींच्या नोंदी पुन्हा जुळवता आल्या. म्हणून २०२० च्या जनगणनेत राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवून खालच्या पातळीवरील आकड्यांत मोजूनमापून किंचित फेरफार केला गेला. अलाबामा राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेले. लहान वस्तीत दोन-चार डोक्यांचा फरकही जाणवतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण फेरफाराची पद्धत विभागाने उघड केली होती, आणि अभ्यासकाला अंदाज बांधायला तेवढे पुष्कळ झाले.

आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ वैयक्तिक नोंदींना संरक्षण देते. तक्त्यांच्या वजाबाकीचा विचार तेव्हा कोण करणार! आता जनगणना डिजिटल होत आहे. गाववार आकडे प्रसिद्ध करण्याआधी ते कसे झाकणार, हे जनगणना घेणाऱ्या महानिबंधकांनी जाहीर करावे.