अक्षय्य तृतीया : शोकातून उपजलेले दान

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज आमच्या कोलाड परिसरात पितरांच्या नावे पाण्याने भरलेला कुंभ दिला जाईल. कोणी त्याबरोबर छत्री देईल, कोणी पंखा, कोणी पादत्राणे. या दिवशी दिलेले क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु या दानाचे एक मर्म आपल्या ध्यानातून निसटते. वैशाखात जीव पाण्यावाचून कासावीस होतो, म्हणून पूर्वजांनी पाणी द्यावयास सांगितले. दान कशाचे करावे, हे दात्याच्या ऐपतीवरून नव्हे, तर समोरच्याच्या उणिवेवरून ठरावे, असा त्याचा अर्थ. आणि ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला ती उणीव इतरांहून अधिक स्पष्ट दिसते.

हे मर्म आम्हांस अलीकडे काही खेळाडूंच्या चरित्रांत आढळले, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. मराठी कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर १९ मे १९९९ रोजी निवर्तले. पुत्र सचिन त्या वेळी विश्वचषक स्पर्धेसाठी इंग्लंडात होते. ते मुंबईस आले, पित्याचा अखेरचा निरोप घेतला आणि परतले. २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्यांनी नाबाद १४० धावा काढल्या आणि शतक पुरे होताच आकाशाकडे दृष्टी लावली. तो क्षण सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु २०२१ च्या नोव्हेंबरात ते मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात गेले होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या प्रतिष्ठानच्या साह्याने तेथे काम चालते. अशा मुलांसाठी काही करावे ही आपल्या वडिलांची इच्छा होती, आज ते असते तर आनंदले असते, असे त्यांनी त्या वेळी बोलून दाखविले. वडील जाऊन बावीस वर्षे लोटली होती. प्राध्यापक पित्याचे स्मरण मुलांच्या शिक्षणातून व्हावे, याहून उचित तर्पण कोणते?

ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज ग्लेन मॅग्रा यांच्या पत्नी जेन स्तनांच्या कर्करोगाने २००८ च्या जूनमध्ये वारल्या. आजारपणात जाणत्या परिचारिकेचा आधार किती मोलाचा असतो, हे या दांपत्याने अनुभवले होते. म्हणून त्यांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानाने अशा रुग्णांसाठी खास परिचारिका पुरविण्याचे कार्य हाती घेतले. तिची सेवा रुग्णास विनामूल्य मिळते. २००९ पासून सिडनीच्या कसोटी सामन्यात प्रेक्षक गुलाबी वस्त्रे लेवून येतात आणि या कार्यास निधी देतात.

सेनेगल देशातील फुटबॉलपटू सादियो माने यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. त्यांच्या बांबाली गावात तेव्हा रुग्णालय नव्हते. मोठेपणी हाती पैसा आल्यावर त्यांनी गावात रुग्णालय उभारून दिले. २०२१ साली ते सुरू झाले. त्यांचा देश वेगळा, धर्म वेगळा. वृत्ती मात्र उदककुंभाचीच.

यावर कोणी म्हणेल, कोट्यधीशांनी दिले त्यात कौतुक ते काय? शिवाय नावही होतेच. आक्षेप अगदीच गैर नाही. परंतु उशाशी बसलेल्या परिचारिकेमुळे ज्या स्त्रीस धीर येतो, तिला दात्याच्या हेतूची चिकित्सा करावयास सवड नसते. आणि आम्हांस या खेळाडूंच्या रकमांचे कौतुक नाही. आपल्याला काय उणे पडले हे त्यांनी ओळखले आणि नेमके तेच दुसऱ्यास दिले, याचे आहे. एवढे करावयास कोट्यधीश असावे लागत नाही.

आमच्याच परिसराकडे पाहावे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणास २०११ साली आरंभ झाला आणि दशक उलटून गेले तरी ते काम रेंगाळतच राहिले. या रस्त्याने कित्येक घरांतील कर्ती माणसे नेली. जखमीला वेळेवर रक्त मिळाले असते तर, वाहन मिळाले असते तर, असे उद्गार आम्ही अनेक ओट्यांवर ऐकले आहेत. त्याच घरांतून पुढे गेलेल्याच्या नावे देवळास फरशी दिली जाते, सभामंडपात पंखा लागतो. देवाच्या चरणी दिलेले वाया जात नाही, हे आम्हीही मानतो. परंतु त्या ओट्यावरचा तो उद्गार मात्र तसाच राहतो.

रायगडच्या गावोगावी कबड्डीचे सामने दिवंगतांच्या नावाने भरतात आणि स्मृतिचषक दिले जातात. म्हणजे खेळ आणि स्मरण यांची सांगड आपल्याकडे मुळातच आहे. त्याच मैदानावर त्याच दिवशी रक्तदान झाले, बक्षिसाच्या रकमेतला काही भाग गावाच्या रुग्णवाहिकेसाठी निघाला, तर चषकावरील नावाला अर्थ येईल. आमच्या तरुण खेळाडूंनी एवढे मनावर घ्यावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

आमची कुंडलिका वैशाखातही वाहते. मुळशीच्या डोंगरांत पडलेला पाऊस भिऱ्याला वीज देऊन तिच्यात उतरतो आणि येथल्या शेतांना मिळतो. पाऊस एकीकडे पडतो, तहान दुसरीकडे भागते. आज कुंभ देताना प्रत्येक घराने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे : आपले माणूस गेले, तेव्हा आपल्याला काय हवे होते? जे उत्तर येईल, ते यंदा कोणास तरी द्यावे. ते दान अक्षय्य ठरेल.