ग्रंथावर हक्क कोणाचा?



बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्या घरी असावा, ही प्रत्येक बौद्ध कुटुंबाची इच्छा असते. परंतु तो ग्रंथ छापण्याचा, त्याचा अनुवाद करण्याचा अथवा तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? हा अधिकार कायद्याने निर्माण केला आहे आणि त्याची मुदत सरकारी धोरणाने ठरते. ते धोरण जो समाज समजून घेत नाही, त्याला आपल्याच वारशाच्या दारी परवानगीसाठी तिष्ठत राहावे लागते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ही मुदत लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे ठेवली होती. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्या हिशेबाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २००७ रोजी जनतेचे व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तो टिकावा म्हणून केंद्र सरकारने मुदत ६० वर्षांची केली व १९९२ साली तशी दुरुस्ती कायद्यात झाली. रवींद्रनाथांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु एका संस्थेकडे पाहून केलेली तरतूद सर्वांना लागू झाली आणि बाबासाहेबांचे ग्रंथ आणखी दहा वर्षे बंधनात राहिले, ही गोष्ट विसरता येत नाही.

आजची स्थिती काय आहे? ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) किंवा ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) यांची मूळ इंग्रजी संहिता १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ निधनोत्तर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणून त्याची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते आणि तो १ जानेवारी २०१८ पासून मुक्त झाला. याच नियमाने १९८७ साली शासनाच्या खंडात प्रथम छापले गेलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ २०४७ च्या अखेरपर्यंत बंधनात राहील. आणखी एक सावधगिरी बाळगावी: मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी दुसऱ्याने केलेल्या अनुवादावर त्या अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करीत आले, हे कार्य मोठे आहे. तथापि हे काम रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयास आपणहून घ्यावी लागली. ज्या लेखनावर बंधन आहे, ते छापण्याचे काम थांबले की वाचकाला दुसरा मार्गच उरत नाही.

आणि केवळ छापून भागणार नाही. पानांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली म्हणजे ग्रंथ खुला झाला, असे नव्हे. त्यात शब्द शोधता येत नाही, अंध वाचकास यंत्राकडून तो ऐकता येत नाही, संशोधकास दोन आवृत्त्यांची तुलना करता येत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: सर्व खंड शोधता येईल अशा शुद्ध अक्षरसंहितेत विनामूल्य उपलब्ध करावेत आणि बंधनातील लेखनासाठी शासनाने व हक्कधारकांनी अभ्यासाची परवानगी लेखी जाहीर करावी.

सरकारकडे मागणी करावी, पण हातावर हात ठेवून बसू नये. जे मुक्त आहे ते आजच छापता येते, त्याचा नवा अनुवाद करता येतो, ते गावोगावच्या विहारांत वाचता येते. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. शिकलेल्या तरुणांनी एकेक ग्रंथ वाटून घ्यावा, मुद्रिते तपासावीत आणि शुद्ध प्रत समाजाच्या हाती द्यावी. कायद्याने मोकळे केलेले ग्रंथ आपल्याच आळसाने कपाटात पडून राहिले, तर तो दोष सरकारचा म्हणता येणार नाही.