बिलोलीत प्लॉट घेताना वकील 1954 सालचा कागद का मागतात?

सातबारा स्वच्छ आहे, विकणारा ओळखीचा आहे, मग वकिलाची फी कशाला? बिलोलीत हा हिशेब अंगाशी येऊ शकतो. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि जुन्या नोंदी अनेकदा उर्दूत सापडतात. सर्च रिपोर्टसाठी सहसा 30 वर्षांचे दस्त बघतात. इथला जाणता वकील मात्र 1954-55 चं खासरा पाहणी पत्रकही मागवतो. त्यात जमीन मदतमाश इनामाची निघाली, तर ती भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. असे जुने व्यवहार नियमित करण्याचा नजराणा 2024 मध्ये बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दिलासा मोठाच, पण तो भरायचा कोणी, हे खरेदीखताआधी ठरवून घ्या. आणि हो, दुय्यम निबंधक फक्त दस्त नोंदवतात, मालकीची हमी देत नाहीत.