मस्टरवर नाव नसलेला कामगार

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता एकदम लागू केल्या आणि २९ जुने कामगार कायदे इतिहासजमा झाले. उद्योगपतींच्या संघटनांनी स्वागत केले. दहा केंद्रीय कामगार संघटनांनी निषेध नोंदवला आणि पाचच दिवसांनी, संविधान दिनी, देशभर निदर्शने केली. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र त्या दिवशी उद्देशिकेचे वाचन झाले, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातले गेले, भाषणे झाली. संहितांवर कोणी अवाक्षर काढल्याचे निदान माझ्या तरी कानावर आले नाही. अशाच एका सभेत मीही बोललो होतो, तेव्हा हा दोष माझ्याही पदरात घ्यायला हवा.

या संहितांच्या मागे एक जुनाच समज उभा आहे. युनियन म्हणजे देशाच्या प्रगतीला लागलेली कीड. युनियन आली की कारखाना गेला. हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की आता सफाई कामगाराचा पदवीधर मुलगाही तेच बोलतो. तेव्हा आधी हिशेब तपासू, आणि तोही सरकारच्याच वहीतून.

२०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो की २०२३-२४ या वर्षात बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार वाढला अवघा १.५ टक्का. राष्ट्रीय उत्पन्नाशी नफ्याचे प्रमाण पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेले. याउलट पगारावरच्या खर्चाची वाढ आदल्या वर्षापेक्षा मंदावली. कामगारांच्या हातात पैसा गेला नाही तर मागणी टिकणार नाही, अशी चिंता त्याच अहवालात आहे. हे काही कोणा लाल बावट्याच्या पुढाऱ्याचे भाषण नव्हे, अर्थमंत्र्यांनी संसदेत मांडलेला दस्तऐवज आहे.

यातले अर्थशास्त्र कळायला पदवी लागत नाही. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नातला साधारण साठ टक्के भाग घराघरातल्या खर्चाचा असतो. साबण, चपला, शाळेचे दप्तर, मोटारसायकलचा हप्ता हे सगळे पगारातून निघते. नफा कितीही वाढला तरी मालक काही दोनशे घरांचा बाजारहाट करणार नाही. आणि पगार आपोआप वाढत नाही. एकटा कामगार साहेबाच्या केबिनमध्ये गेला तर त्याला गेटचा रस्ता दाखवतात. दोनशे जण गेले तर खुर्ची मिळते. नफ्यातला वाटा पगाराकडे वळवण्याचे दुसरे खात्रीचे साधन कामगाराच्या हातात नाही. देशाची बाजारपेठ जिवंत राहावी असे ज्याला वाटते त्याने युनियनला शिव्या घालणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे आहे.

यावर कोणीतरी गिरणी संप काढणारच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप केला आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले, हे खरे. पण तो संप फक्त पगाराचा नव्हता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी फक्त तिच्याशी. कामगार ज्याच्यामागे उभा होता त्याला कायद्याने टेबलावर जागाच नव्हती. तो कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले तेही पाहा. १९९१ च्या विकास नियमावलीत शहराला आणि घरांना जो वाटा ठेवला होता, तो २००१ च्या दुरुस्तीने मोकळ्या जागेपुरता आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. कापडापेक्षा जमिनीत पैसा दिसल्यावर मालकाला गिरणी कशाला हवी होती? सामंतांच्या चुका असतील, त्यांचे मूल्यमापन जरूर करा. पण मॉलचे बिल संपाच्या नावावर फाडू नका.

आता दुसरे उदाहरण. मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षे कंत्राटावर कचरा उचलणारे कामगार, बहुसंख्य दलित, बरेचसे दुष्काळी भागातून आलेले. महापालिकेचे म्हणणे असे, की हे कामगार नव्हेतच. हे संस्थांचे स्वयंसेवक आहेत, आणि त्यांना मिळते ते मानधन. घाणीत उतरणाऱ्या माणसाला स्वयंसेवक म्हणायला किती निगरगट्टपणा लागत असेल! कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई न्यायालयात नेली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अंमलबजावणीतही नावातल्या चुका काढून अडवणूक झाली, तीही युनियनलाच निस्तरावी लागली. यात देशाचे काय बुडाले? उलट सत्तावीसशे घरांत नियमित पगार, भविष्य निर्वाह निधी आणि मुलांच्या शिक्षणाची फी आली.

नव्या संहितांनंतर अशी लढाई कशी लढायची, हा वकील म्हणून माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. औद्योगिक संबंध संहिता म्हणते, आस्थापनेच्या मस्टरवरील ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद, ती एकमेव वाटाघाटी करणारी युनियन. तेवढे बहुमत कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनांची परिषद. ऐकायला लोकशाही वाटते. पण शब्द वाचा: मस्टरवरील. कंत्राटी कामगाराचे नाव मूळ मालकाच्या मस्टरवर नसते, ते कंत्राटदाराच्या वहीत असते. २००० च्या सुमारास कारखान्यांतील कामगारांमध्ये कंत्राटी कामगार वीस टक्क्यांच्या आसपास होते, २०२२-२३ मध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे पाचातले दोघे मोजणीतच नाहीत. ते दोघे बहुतेक कोण असतात, हे मी या वाचकांना सांगायला नको.

दुसरी संहिता कामाच्या सुरक्षिततेची. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावू नयेत असे ती म्हणते आणि लगेच मुख्य काम कशाला म्हणू नये याची यादी देते. त्या यादीत पहिले नाव सफाईचे, झाडणे आणि कचरा गोळा करणे धरून. आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्या एका अपवादावर पुढची कित्येक वर्षे वकिलांची पोटे भरतील. शिवाय कंत्राटी कामगारांबाबतची तरतूद आता वीसऐवजी पन्नास कामगारांपासून लागू. संपासाठी प्रत्येक उद्योगात चौदा दिवसांची नोटीस, समेटाची बोलणी सुरू असताना संप बेकायदा, आणि निम्म्या कामगारांनी मिळून एकदम किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला टाळे लावायला सरकारची परवानगी नको. ही मर्यादा पूर्वी शंभराची होती.

बाबासाहेबांनी हे सगळे पाहिले होते. १९३८ साली मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले तेव्हा माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे ही गुलामगिरीच, असा युक्तिवाद त्यांनी विधिमंडळात केला आणि ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्यावर अहोरात्र बोलतो, दुसऱ्यावर जयंतीपुरते. १९४३ मध्ये मजूर मंत्री असताना त्यांनीच युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. १९४७ मध्ये त्या आशयाची दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी लागूच केली नाही. इतक्या वर्षांनी केंद्राच्या कायद्यात मान्यता आली, ती ही अशी, मस्टरवाल्यांपुरती.

युनियनवाल्यांचे पापही झाकायचे कारण नाही. गिरणीच्या विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव होता. पगार जास्त तिथेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला नसता तर पुढाऱ्यांनी तो मागणीपत्रात घेतलाच नसता. आजही कायम कामगारांची युनियन बोनसचा करार करते तेव्हा गेटबाहेरच्या कंत्राटी कामगाराचे नाव शेवटच्या कलमात येते आणि पहिल्याच बैठकीत सोडून दिले जाते.

एक गोष्ट मात्र संहितेने दिली आहे: प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र. ते मागा. तोंडी नको, लेखी मागा, एकट्याने नको, सगळ्यांनी एकाच दिवशी मागा.

गेल्या वर्षी माझ्याकडे एका नगरपालिकेत झाडू मारणारी ताई आली. अकरा वर्षे एकच रस्ता झाडते. तेवढ्या काळात कंत्राटदार पाच बदलले, मुकादम तोच राहिला. पुरावा काय आहे विचारले तेव्हा तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. कोरोनाच्या काळात मिळालेले ‘कोरोना योद्धा’ प्रमाणपत्र. नगरपालिकेचा शिक्का आणि तिचे नाव एकत्र असलेला तिच्याजवळचा तेवढाच कागद. ते मी अर्जाला जोडले आहे. तिच्यासोबतच्या अठ्ठावीस जणींपैकी एकोणीस जणींनी वकीलपत्रावर सह्या केल्या, बाकीच्या मुकादमाला घाबरतात. पुढची तारीख पडली आहे.