दुष्काळसह भात आणि तळाचा घट्ट थर

४ मे २०२५ रोजी नवी दिल्लीत जनुकसंपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राइस १’ हे ‘एमटीयू १०१०’ या वाणातील एका जनुकात बदल करून घडवलेले. दुष्काळ व क्षार सोसणे हा त्याचा गुण. अशा वाणांची चर्चा जनुकापाशी सुरू होऊन जनुकापाशीच संपते. ज्या मातीत मूळ उतरायचे, ती मात्र चर्चेबाहेरच राहते.

झारखंड, ओडिशा, छत्तीसगढमधील पावसावरची भातखाचरे पाहावीत. पाणी मुरून जाऊ नये आणि तण दबावे म्हणून लावणीपूर्वी चिखलणी होते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर मातीचा घट्ट थर बसतो. खाचरात पाणी उभे असेतो हा थर उपकारकच. पावसाने दडी मारली की तो सुकतो, अधिक कठीण होतो आणि मुळे वरच्या वीतभर मातीत कोंडतात. खाली ओल असते. पिकाला ती लाभत नाही.

हा अडथळा केवळ यांत्रिकही नाही. मुळे इथिलीन वायू सोडतात. भुसभुशीत मातीत तो पसरून जातो, दाबलेल्या मातीत मुळाभोवतीच साचतो आणि मूळ आपली वाढ आवरते, असे २०२१ मध्ये ‘सायन्स’मधील संशोधनाने दाखवले. इथिलीनचा संकेत न जाणणारी भाताची उत्परिवर्तित रोपे तशाच मातीत अधिक खोल गेली. मूळ हरण्याआधीच माघार घेते म्हणायचे!

२०१३ मध्ये जपानी संशोधकांनी ‘डीआरओ१’ हे जनुक ओळखले. फिलिपिन्सच्या ‘किनान्दांग पातोंग’ या वाणातील त्याचे रूप ‘आयआर६४’मध्ये आणताच मुळे अधिक उभी वाढली. काम मोलाचे खरे. पण मुळाची दिशा बदलली म्हणून वाटेतला थर मऊ होत नाही.

थर सरसकट फोडणे हाही उपाय नव्हे, कारण मग चांगल्या पावसाचे पाणीही खाचरात टिकणार नाही. थेट पेरणीत चिखलणी टळते, तर तण डोके वर काढते. निदान दुष्काळसह वाणाच्या प्रत्येक चाचणीत उत्पादनाच्या आकड्याशेजारी घट्ट थराची खोली व कठीणपणा नोंदवला जावा. पेनेट्रोमीटर हे काही दुर्मीळ उपकरण नव्हे. एकच वाण चिखलणीच्या आणि बिनचिखलणीच्या शेतात शेजारी-शेजारी लावून पाहिले, तर श्रेय जनुकाचे किती आणि मातीचे किती, याचा अंदाज तरी येईल.