बाटलीवरची छाप आणि बाटलीतले औषध

सातपुड्याच्या पायथ्याचे रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर हे तालुके मध्य प्रदेशाला लागून आहेत. रावेरची माणसे बऱ्हाणपूरला आणि शिरपूरची सेंधव्याला जातात. बाजार, मजुरी आणि सोयरीक सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे. औषधाची बाटलीही त्याच वाटांनी फिरू शकते. म्हणून २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले, ते जळगाव-धुळ्याने दूरची वार्ता म्हणून वाचून विसरण्याजोगे नाही.

परासिया आणि आसपासच्या गावांतील लहान मुलांना सर्दी-खोकला झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'कोल्ड्रिफ' हे पातळ औषध आले. आईबापांनी ते दुकानातून आणले आणि सांगितल्या मापाने पाजले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवावे लागले. वीसहून अधिक मुले दगावली. तामिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेने कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यातून घेतलेला नमुना तपासला, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे.

हा द्रव कारखान्यांत वापरण्याचा. तो चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखा आणि किमतीने स्वस्त असतो. पातळ औषधासाठी लागणारे शुद्ध ग्लिसरीन वा प्रोपिलीन ग्लायकॉल घेण्याऐवजी जिथे मिळेल तिथून हलका माल उचलला, आणि तो न तपासताच वापरला, की मृत्यू थेट बाटलीत भरला जातो.

महाराष्ट्राला या विषाची ओळख नवी नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच विष होते. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने खरेदी, परवाने, तपासणी आणि राजकीय हस्तक्षेप यांची साखळी उघडी केली. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रवात बनवलेल्या औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि तेथे १९३८ मध्ये कडक कायदा झाला. भारतात १९४० चा औषध कायदा आला. तरीही २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगरला मुले मेली आणि २०२२ मध्ये भारतीय कारखान्यातील औषधांशी गांबियातील सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. विष ठाऊक, चाचणी ठाऊक, आणि कायदाही पुस्तकात आहे. मग दर वेळी नवी लेकरे का मरतात?

याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, व्यवस्थेत आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर एक डॉक्टर, एक दुकानदार वा एक कारखानदार पकडला जातो आणि प्रकरण मिटते. दोषींना शिक्षा झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण कच्चा माल कोणी पुरवला, परवाना कोणी दिला, शेवटची तपासणी कधी झाली, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने औषध कायद्यातील कलम २७ (ड) खालील अपराध दंड भरून मिटवण्याची वाट मोकळी केली. मृत्यूला कारणीभूत ठरणाऱ्या भेसळीची कलमे त्यापासून वेगळी आहेत, हे खरे. परंतु आज दर्जा घसरलेली गोळी म्हणून जी चूक दंडावर सुटते, तीच निष्काळजी उद्या मोठ्या दुर्घटनेचे मूळ ठरते.

यावर असे म्हटले जाते की, कठोर तपासणीने औषधे महाग होतील आणि लहान कारखाने बंद पडतील. हा युक्तिवाद तपासून पाहावा. लहान कारखान्यांना प्रयोगशाळेचा खर्च पेलत नसेल, तर शासनाने सार्वजनिक प्रयोगशाळा उभाराव्यात. तपासणीत बचत करून मिळालेली स्वस्ताई ही गरिबाला दिलेली सवलत नव्हे. ती त्याच्या जिवावर केलेली काटकसर आहे.

दुसरा प्रश्न आणखी मूलगामी आहे. ते औषध त्या मुलांना हवे तरी होते का? लहान मुलांची सर्दी बहुधा आपोआप बरी होते. कोल्ड्रिफसारख्या मिश्रणांवर, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापावा, असे केंद्राने २०२३ मध्येच सांगितले होते. १९७५ च्या हाथी समितीने ११७ आवश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावांचा आग्रह धरला. ती वाट सोडली गेली. किंमत नियंत्रणाखालील मूळ औषधे १९७९ च्या आदेशात ३४७ होती. ती १९८७ मध्ये १४२ वर आणि १९९५ मध्ये ७४ वर आली. बाजार मात्र अनावश्यक मिश्रणांनी भरला. २०१६ मध्ये ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घालण्याची पाळी केंद्रावर आली. जितक्या छापा अधिक, तितकी तपासणी अवघड, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

खानदेशातील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मुंबई-दिल्लीवर सोपवून चालणार नाही. बनावट वा घातक ठरलेल्या औषधाची बॅच नंबरसह सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर मराठीत लागावी आणि ग्रामसभेत अहिराणी, पावरी, भिलोरी अशा लोकांच्या बोलीत समजावून सांगितली जावी, असा आग्रह धरावा. दुकानातून बॅच नंबर असलेले पक्के बिल मागण्याची सवय लावावी. सीमेवरील तालुक्यांतून अन्न व औषध प्रशासनाने किती नमुने घेतले, किती नापास ठरले आणि पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकाराने विचारून गावोगाव जाहीर करावे. मुलाला हे औषध कशासाठी, हा प्रश्न आईने डॉक्टरांना निर्भयपणे विचारावा, असे वातावरण निर्माण करावे.

केळीच्या मळ्यात राबणाऱ्या मजुराला बाटलीतले रसायन तपासता येत नाही. तो छापेवर विश्वास ठेवतो, कारण तिच्यामागे शासनाचा परवाना असतो. तो विश्वास खरा ठरवणे ही त्याच्यावर केलेली दया नव्हे. ते शासनाचे कर्तव्य आहे, आणि शासन ते टाळील तेथे ते करवून घेणे हे आपले काम आहे.